क्यूआर कोड राहू द्या, त्यामागचं खातं बदला

पत्राचा सारांश: नाशिकरोडच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. जेलरोड भागात त्यांचं मसाले, पापड, कुरडयांचं दुकान. यजमान अंबडला कंपनीत शिफ्टमध्ये असतात, त्यामुळे दुकान ताईच बघतात. दुपारी सासरे, म्हणजे नाना, गल्ल्यावर बसतात. नाना नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. दिवाळीच्या गर्दीत एका गिऱ्हाइकाने १,८५० रुपयांचा माल घेतला, मोबाइलवर ‘पेमेंट सक्सेसफुल’चा हिरवा स्क्रीन दाखवला आणि निघून गेला. पैसे आलेच नाहीत. त्याच सुमारास शेजारच्या सोसायटीतल्या काकूंना ‘रिफंड’च्या फोनवरून ४० हजारांचा गंडा बसला. तेव्हापासून नानांनी एकच धरून ठेवलंय, “क्यूआर कोड काढा. खोटी नोट हातात घेतली की कळते, खोटा मेसेज कसा ओळखायचा?” यजमान म्हणतात, तसं केलं तर निम्मं गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जाईल. त्यात भाचा सांगतोय की ब्लॉकचेनवाली करन्सीच खरी सुरक्षित, ती हॅक होत नाही, नानांच्या एफडीतले दोन लाख तिकडे वळवा. बँकेतल्या साहेबांनी ई-रुपीचं, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल रुपयाचं, ॲप घ्यायचा सल्ला दिलाय. ताई विचारतात, “यातलं सुरक्षित नक्की काय? क्यूआर ठेवू की काढू? नाना जुन्या वळणाचे आहेत, त्यांना समजावू कसं?”

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. नाना जुन्या वळणाचे आहेत, म्हणून समजावण्याची गरज त्यांना आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. मला तर सगळ्या पत्रात नेमका प्रश्न नानांनीच विचारलेला दिसतो. खोटा मेसेज ओळखायचा कसा? याचं उत्तर घरात कुणाकडे नव्हतं, म्हणून त्यांनी क्यूआर काढायला सांगितलं. उत्तर मिळालं तर त्यांचा हट्टही कदाचित सुटेल.

१९२८ पासून नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये आयुष्य गेलेला माणूस पैशाकडे कसा बघतो, याचा जरा विचार करा. नोटेचा पुरावा नोटेवरच असतो. उजेडात धरली की गांधीजींचा वॉटरमार्क दिसतो. पाचशेची नोट तिरकी केली की हिरवा धागा निळा होतो. बोटाला उठावाची छपाई लागते, कडेच्या रेघा लागतात. अंध माणसालाही नोट ओळखता यावी म्हणून त्या रेघा असतात. नोट खरी असेल तर देणारा कोण, कुठला, त्याच्या खात्यात काय आहे, याच्याशी घेणाऱ्याला काही कर्तव्य नाही. गल्ल्यात टाकली की व्यवहार संपला.

यूपीआयने २०० रुपये ‘येतात’ तेव्हा दुकानात खरं तर काहीच येत नाही. गिऱ्हाइकाच्या बँकेच्या खातेवहीत २०० वजा होतात, तुमच्या बँकेच्या खातेवहीत २०० जमा होतात. पुरावा त्या वहीत असतो. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचा हिरवा स्क्रीन म्हणजे नुसतं चित्र. तसंच चित्र दाखवणारी बनावट ॲप कुणीही मोबाइलवर टाकू शकतं, त्यात तुमच्या दुकानाचं नाव, रक्कम, अगदी व्यवहाराचा क्रमांक, म्हणजे यूटीआर नंबरसुद्धा टाइप करता येतो. दिवाळीच्या त्या संध्याकाळी तुमच्या दुकानात यूपीआय फसलं नाही, कुणी हॅकही केलं नाही. व्यवहार झालाच नव्हता. नोट पारखण्याची नजर चित्र पारखायला वापरली गेली, एवढंच झालं.

म्हणून क्यूआर काढणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. त्या चौकोनात असतं काय? तुमचा यूपीआय पत्ता आणि दुकानाचं नाव. त्यात पासवर्ड नाही, पिन नाही, शिल्लक नाही. पंचवटीतल्या देवळातल्या दानपेटीसारखा तो आहे. फटीतून कुणीही टाकू शकतो, त्याच फटीतून काढू मात्र शकत नाही. कुणी त्याचा फोटो काढून नेला तरी फार तर तुम्हाला पैसे पाठवेल.

तरी क्यूआरच्या बाबतीत एक लबाडी होते. रात्रीतून कुणी आपल्या स्टिकरवर स्वतःचं स्टिकर चिकटवून जातो आणि दिवसभराचं पेमेंट त्याच्या खात्यात जातं. यावर उपाय सोपा आहे. दुकान उघडलं की घरच्या दुसऱ्या फोनवरून स्कॅन करून नाव वाचायचं. जून २०२५ च्या अखेरीपासून पैसे भरणाऱ्याला समोरच्याचं बँकेत नोंदवलेलं नाव दिसावं असा नियम झालाय, त्यामुळे ते नाव कुणाला मनाने बदलता येत नाही. गिऱ्हाइकालाही सवयीने विचारा, “नाव काय येतंय हो?” शक्य असेल तर स्टिकर काउंटरच्या आत, काचेखाली ठेवा.

आता पैसे देणाऱ्याच्या बाजूने बघू, कारण शेजारच्या काकूंचं नुकसान त्या बाजूला झालं. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ साली यूपीआय सुरू केलं तेव्हा सुरक्षेची घडी अशी बसवली की दोन गोष्टी एकत्र आल्याशिवाय पैसा हलू नये. पहिली गोष्ट म्हणजे तो विशिष्ट फोन. ॲप सुरू करताना तुमच्या सिमवरून आपोआप एक एसएमएस जातो, आठवतं? बँकेत नोंदवलेला नंबर, ते सिम आणि तो फोन यांची गाठ तिथे मारली जाते. दुसऱ्या फोनवर तेच ॲप टाकून कुणी तुमच्या नावाने उघडू बघेल तर तिथे अडेल. दुसरी गोष्ट म्हणजे चार किंवा सहा अंकी पिन. पिन टाकायचं ते पान ॲपवाल्या कंपनीचं नसतं. ते पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या आज्ञावलीतून येतं, पिन फोनमध्येच कूटबद्ध होतो, ॲपवाल्यांना तो दिसत नाही आणि तो बरोबर की चूक हे फक्त तुमची बँक ठरवते. मग निरोप पेमेंट्स कॉर्पोरेशनमार्फत एका बँकेकडून दुसरीकडे जातो, वजा-जमा होते, आणि दोन्ही बाजूंना कळवलं जातं. हे सगळं काही सेकंदांत होतं. बँका आपापसातला हिशोब नंतर रिझर्व्ह बँकेकडे चुकता करतात, त्याची झळ आपल्याला लागत नाही.

हे यंत्र फोडणं अवघड आहे हे चोरालाही कळतं. म्हणून तो यंत्राच्या वाटेला जात नाही, काकूंना फोन करतो. “मॅडम, तुमचा रिफंड अडकलाय, स्क्रीनवर येईल ते स्वीकारा आणि पिन टाका.” काकूंनी टाकला. यंत्राच्या दृष्टीने तो व्यवहार अगदी चोख होता. फोन त्यांचाच, सिम त्यांचं, पिनही त्यांनीच टाकलेला. पिन ही चेकवरची सही आहे, आणि ती सही नेहमी पैसे देण्यासाठी लागते. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही, कुठल्याच ॲपवर, कुठल्याच बँकेत, कुठल्याच सणाच्या ऑफरमध्ये. नानांना हे एका दमात पटेल. पगार घेतानाची सही वेगळी आणि चेकवरची सही वेगळी, हे सांगायची गरज त्यांच्या पिढीला नाही.

अनोळखी माणसाने ‘पैसे मागणारी’ विनंती पाठवायची आणि समोरच्याने गडबडीत ती मंजूर करायची, हा प्रकार इतका बोकाळला की ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीला अशी विनंती पाठवण्याची सोयच बंद झाली. चोरांकडे मात्र दुसऱ्या वाटाही आहेत. आता व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा गाडीच्या चलनाच्या नावाने एपीके फाइल येते. ती उघडून इन्स्टॉल केली की ते ॲप फोनवरचे एसएमएस वाचू लागतं, म्हणजे ओटीपी आपोआप त्यांच्या हातात. कुणी मदतीच्या नावाखाली स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावतो आणि तुम्ही काय टाइप करता ते बघत बसतो. दुकानदारांच्या वाट्याला येणारा आणखी एक नमुना म्हणजे पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या साउंडबॉक्सच्या कंपनीचा टी-शर्ट घालून आलेला तरुण. “साउंडबॉक्स अपडेट करायचाय, जरा फोन द्या.” फोन द्यायचा नाही. खरोखर काम असेल तर तो स्वतः सांगेल आणि तुम्ही तुमच्या हाताने कराल. मी बँकेच्या काउंटरमागे बरीच वर्षं काढली. फसवल्या गेलेल्या माणसांमध्ये अडाणी फार थोडे बघितले, घाईत असलेले मात्र पुष्कळ.

आता दुकानाबद्दल. साउंडबॉक्स नसेल तर घ्या. सेवा देणाऱ्याप्रमाणे त्याचं थोडं मासिक भाडं पडतं, पण गर्दीत हात तिखटाने माखलेले असताना फोन बघावा लागत नाही. तरी त्यावरही डोळे मिटून विसंबू नका. नेटवर्क गेलं की तो मुका होतो, आणि ‘एवढे रुपये प्राप्त झाले’ असा आवाज खिशातल्या मोबाइलवरूनही वाजवता येतो. ‘बँकेचा’ म्हणून येणारा एसएमएससुद्धा बनावट असू शकतो. शंका आली की आपल्याच फोनवरच्या व्यापारी ॲपमध्ये किंवा बँकेच्या ॲपमध्ये व्यवहारांची यादी उघडायची. तिथे नोंद असेल तर पैसे आले, नसेल तर नाही आले. नानांच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. मेसेज पारखायचाच नाही, वही बघायची.

आणि हे काम नानांकडेच द्या. दुपारी ते बसतातच. एक साधा फोन त्यांच्या हाती द्या, ज्यावर फक्त दुकानाचं व्यापारी ॲप आहे, आलेले पैसे दिसतात पण पाठवता काही येत नाहीत. बऱ्याच व्यापारी ॲपमध्ये दुकानातल्या माणसाला नुसतं बघण्यापुरतं लॉगिन देता येतं, तुमच्या ॲपमध्ये ते कुठे आहे हे एजंटाऐवजी ॲपच्या मदत-विभागात शोधा. आयुष्यभर नजरेने काम केलेल्या माणसाला ‘तुम्हाला कळत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘तुम्ही तपासा, मग माल देते’ म्हणून बघा. तुमचा खरा तंटा यंत्रावरून आहे की घरात शब्द कुणाचा चालणार यावरून, हे तुम्हालाच ठाऊक. मला पत्रात दोन्ही दिसतात.

कधी गिऱ्हाईक प्रामाणिक असतं आणि तरी पैसे मध्येच लटकतात. त्याच्या खात्यातून वजा झालेले, तुमच्याकडे नोंद नाही. अशा वेळी वाद घालू नका. दुकानदाराला केलेलं असं अडकलेलं पेमेंट व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत जायला हवं, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. त्यामुळे “तुमचे पैसे परत येतील, आत्ता रोख द्या किंवा माल बाजूला ठेवते” असं म्हणायला तुम्ही मोकळ्या आहात. खरं गिऱ्हाईक थोडं कुरकुरेल आणि उद्या परत येईल.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही विचारलंच नाही, पण पत्र वाचून मला सगळ्यात जास्त जी खुपली, तिच्याकडे येते. ओघात तुम्ही लिहिलंय की क्यूआर तुमच्या आणि नानांच्या जॉइंट खात्याला जोडलाय, त्याच खात्यात नानांची पेन्शन येते, त्यालाच त्यांच्या एफडी जोडलेल्या आहेत आणि ते सगळं तुमच्या एकाच फोनवर चालतं. ताई, धोका इथे आहे. क्यूआर भिंतीवर असला काय किंवा नसला काय, त्या एका फोनमागे नानांची सगळी पुंजी उभी आहे. उद्या तुमच्याकडून काकूंसारखी चूक झाली तर १,८५० वर थांबणार नाही.

दुकानाचं वेगळं चालू खातं काढा आणि क्यूआर त्याला जोडून घ्या. रोज किंवा एक दिवसाआड जमलेली रक्कम तिथून घरच्या खात्यात हलवा, दुकानाच्या खात्यात व्यापाऱ्यांना द्यायला लागेल तेवढीच ठेवा. नानांच्या पेन्शनच्या खात्यावर यूपीआय नकोच. नेट बँकिंग असेल तर बँकेत अर्ज देऊन पैसे पाठवण्याची सोय बंद करा, किंवा मर्यादा कमीत कमी ठेवा. एफडीच्या बाबतीत बँकेत जाऊन स्पष्ट विचारा, “ही ऑटो-स्वीप आहे का? ऑनलाइन मोडता येते का?” स्वीप असेल तर बचत खात्यातली शिल्लक संपली की एफडी आपोआप मोडून पैसे पुढे जातात, म्हणजे चोराला एफडी मोडायचे कष्टही नकोत. अनेकांना हे माहीतच नसतं. आपली एफडी ‘वेगळी’ आहे असं वाटत राहतं.

किरकोळ खर्चासाठी, रिक्षा, भाजी, दूध, यूपीआय लाइट वापरा. त्यात एका वेळी जास्तीत जास्त ५,००० ठेवता येतात आणि एका व्यवहाराला १,००० ची मर्यादा आहे. पिन लागत नाही. फोन हरवला तर नुकसान फार तर तेवढंच. नानांना फोनवरून पैसे द्यायची हौस वाटली तर यूपीआय सर्कल म्हणून एक सोय आहे. त्यात ते स्कॅन करतात, मंजुरी तुमच्या फोनवरून जाते. त्यांचं खातं जोडायची गरज पडत नाही.

वेगळ्या खात्याचं आणखी एक कारण आहे आणि ते दुकानदारांनी नीट ऐकावं. कुणाचे तरी चोरलेले पैसे घेऊन एखादा तुमच्याकडून मसाला घेऊन जातो. पैसे खरे, खात्यात जमाही झालेले. दोन आठवड्यांनी दुसऱ्याच राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र बँकेला येतं आणि तेवढी रक्कम, कधी कधी आख्खं खातंच, गोठवलं जातं. चोरीच्या पैशाचा माग काढताना तो जिथून जिथून गेला ती सगळी खाती धरली जातात. तुमची चूक नसते, पण सोडवायला हेलपाटे पडतात. त्यात नानांची पेन्शन अडकायला नको. मोठ्या रकमेच्या विक्रीचं बिल फाडा, नाव आणि फोन नंबर घ्या. आणि “ताई, पाच हजार स्कॅन करतो, मला कॅश द्या ना” म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला हात जोडा. मालाच्या बदल्यात आलेल्या पैशाला तुमच्याकडे बिल असतं, कॅशच्या बदल्यात आलेल्याला काहीच नसतं. सिंहस्थाला नाशिकरोड स्टेशनवर लाखोंनी माणसं उतरतील, त्यात असं विचारणारेही भरपूर असतील. बहुतेक खरोखरच अडलेले असतील. त्यांना एटीएम दाखवा.

ई-रुपीबद्दल थोडक्यात. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून सामान्य लोकांसाठी तो प्रायोगिक स्वरूपात आणला. यूपीआयमध्ये बँकेतली ठेव इकडून तिकडे जाते. ई-रुपी मात्र नोटेसारखाच थेट रिझर्व्ह बँकेचा पैसा, फक्त कागदाऐवजी बँकेच्या वॉलेटमध्ये, नोटा-नाण्यांच्याच किमतीत. कायदेशीर चलन आहे, व्याज मिळत नाही, यूपीआयच्या क्यूआरवरही चालतो. सुरक्षित आहे का? आहे. तुम्हाला आज त्याची गरज आहे का? मला दिसत नाही. नानांना मात्र दाखवा. कागद, शाई आणि धाग्याशिवाय रिझर्व्ह बँकेची ‘नोट’ कशी असते हे बघण्यात त्यांना रस वाटेल, आणि त्यांचे प्रश्न बँकेतल्या साहेबांना घाम फोडतील.

भाच्याचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथे मी तुमच्याइतकी मऊ नाही.

तो जे म्हणतो त्यात अर्धं खरं आहे. बिटकॉइन जानेवारी २००९ मध्ये सुरू झालं. त्याची वही, म्हणजेच ब्लॉकचेन, कुठल्या एका बँकेत नसते. जगभरातल्या हजारो संगणकांवर तिच्या प्रती असतात. साधारण दर दहा मिनिटांनी नव्या व्यवहारांचं एक पान जोडलं जातं आणि प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा गणिती ठसा असतो. जुन्या पानावरचा एक आकडा बदलला तर पुढचे सगळे ठसे चुकतात आणि लबाडी उघडी पडते. एकूण नाणी २ कोटी १० लाखांपेक्षा जास्त होणार नाहीत हेही नियमातच आहे. ही वही कुणी खोटी करून दाखवलेली नाही, एवढं भाच्याचं बरोबर.

पण लोकांचे पैसे गेले ते वहीतून नाहीत. तिथली मालकी एका गुप्त किल्लीवर ठरते. किल्ली हरवली तर पैसे कायमचे गेले, चोरीला गेली तर चोराचे झाले. फिरवून घ्यायला बँक नाही, तक्रार ऐकायला मॅनेजर नाही. म्हणून लोक किल्ली स्वतःकडे न ठेवता एक्सचेंजकडे, म्हणजे अशा नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडे ठेवतात, आणि मग चोर एक्सचेंज गाठतात. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजमधून २३ कोटी डॉलरच्या आसपास चोरीला गेले, तेव्हा ब्लॉकचेन जागच्या जागी शाबूत होती. कराचंही ऐका. एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, शिवाय जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. भारतात ते कायदेशीर चलन नाही. दुकानदाराने ते घेतलंच पाहिजे असं नाही.

आणि भाचा म्हणतोय ते बिटकॉइन तरी आहे का? तुम्ही लिहिलंय की टेलिग्रामवरचा ग्रुप आहे, त्यांचं स्वतःचं ॲप आहे, त्यात त्याच्या १५ हजारांचे ५२ हजार झालेले ‘दिसतात’. ताई, हा तोच हिरवा स्क्रीन. गिऱ्हाइकाने १,८५० चा दाखवला, इथे ५२ हजारांचा दाखवताहेत. परीक्षाही तीच, वही बघा. भाच्याला सांगा, सगळेच्या सगळे काढून स्वतःच्या बँक खात्यात आण, मग बोलू. थोडेसे निघाले तर हुरळू नका. सुरुवातीला हजार-दोन हजार काढू देतात, विश्वास बसावा म्हणूनच. सगळे काढायला गेलं की ‘आधी टॅक्स भरा’, ‘व्हेरिफिकेशन फी भरा’ सुरू होईल. ते सुरू झालं तर पुढे एक रुपयाही द्यायचा नाही आणि तक्रार करायची. असं झालं तर घरात त्याला कुणी टोमणे मारू नका, नाहीतर पुढचं तो तुम्हाला सांगणार नाही. त्याला खरोखर क्रिप्टोत रस असेल तर केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी असलेल्या एक्सचेंजवर, स्वतःच्या पगारातून, बुडाले तरी झोप लागेल एवढे टाकू दे. नानांच्या एफडीला हात नको. भाचा आहे म्हणून नाही म्हणणं जड जाईल, तर माझं नाव सांगा.

कुणाच्या बाबतीत फसवणूक झालीच तर पहिला फोन १९३० या सायबर हेल्पलाइनला. चुलत्याला, मित्राला, ‘ओळखीच्या पोलिसाला’ नंतर. पैसा चोराच्या एका खात्यातून दुसऱ्यात जायच्या आत अडवता आला तर परत मिळायची आशा असते, आणि ती दर तासाला कमी होत जाते. मग बँकेला कळवा, तक्रारीचा नंबर मागून घ्या, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा. नाशिक शहराचं सायबर पोलीस ठाणं आहे, तिथेही जाता येतं. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेला नियम असा, की तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही बँकेला कळवलं, तर तोशीस तुम्हाला लागत नाही. पिन किंवा ओटीपी स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून लाज वाटून दोन दिवस गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं. काकूंना अजून कुणी तक्रार करायला लावलं नसेल तर आजच लावा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते, वकील लागत नाही.

यजमानांच्या मुद्द्यावर एकच. गिऱ्हाईक जाईल हे त्यांचं म्हणणं खरं आहे, पण रोखीवर परत जाण्यामागे कराची भीती हेही एक कारण कुठे कुठे असतं. २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा तिकडे बऱ्याच जणांनी क्यूआर झाकून ठेवले होते. मालाची विक्री करणाऱ्याला नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीची आहे, आणि त्यात रोखीची विक्रीही धरतात. क्यूआर काढल्याने उलाढाल कमी होत नाही. दुकानाचं खातं वेगळं झालं की वर्षअखेरीला आकडा एका जागी दिसेल. तो ४० लाखांच्या जवळपास जात असेल तर मार्चपर्यंत थांबू नका, आत्ताच एखाद्या सीएला दाखवून घ्या.